सकाळचा धूर

बुटाची नाडी सुटली होती म्हणून तो वाकला, तोल जाऊ नये म्हणून डावा हात इंजिनावर टेकला, आणि तो हात तिथंच राहिला. लोखंड गरम होतं. तापातून नुकत्याच उठलेल्या पोराच्या कपाळासारखं, आत काहीतरी होऊन गेल्याचं सांगणारं गरम. नाडी तशीच लोंबत राहिली. चाचणीघरात कोणी नव्हतं. दिवे लागलेले होते, दार उघडं होतं, इंजिन बंद होतं, आणि भिंतीवरच्या घड्याळात आठला वीस कमी होते. रोज तो बरोबर आठला यायचा, तोही पलीकडच्या दारानं थेट काचेच्या खोलीत, जिथं बसून बटणं दाबायची आणि काटे वाचायचे. आज मुलीच्या शाळेत वर्गाचा फोटो काढायचा होता, मुलांना लवकर बोलावलं होतं, तिला सोडून परत घरी कशाला जायचं म्हणून तो इकडे आला होता आणि जवळ पडतं म्हणून मागच्या दारानं आत शिरला होता. म्हणजे सगळा खेळ एका फोटोचा आणि एका नाडीचा. त्यानं डावा हात काढून उजवा लावला. एखादा हात खोटं सांगत असेल अशी भाबडी आशा माणसाला असते. उजव्यानंही तेच सांगितलं. मग त्यानं इंजिनामागच्या डब्याला, त्याच्या स्वतःच्या डब्याला, बोट लावलं, आणि तिथं मात्र खरोखर चटका बसला.

हे इंजिन काल दुपारी चारला बंद केलेलं. आता ते दगडासारखं गार असायला हवं. आठ महिने तो हेच धरून चालला होता. रोज सकाळची पहिली चाचणी गार इंजिनावर, आणि वहीतल्या पहिल्या रकान्यावर त्याच्याच वळणदार अक्षरात लिहिलेला शब्द, ‘थंड’. त्या एका रकान्यावर त्याच्या डब्याचं नशीब टांगलेलं होतं. डबा म्हणजे डिझेलच्या धुराच्या वाटेत बसवायचा डबा. आत बारीक भोकांची जाळी असते, जाळीला लेप असतो, आणि धूर त्यातून जाताना त्यातलं विष तिथल्या तिथं जळून जातं. बाजारात मिळणाऱ्या डब्यांत हा लेप प्लॅटिनमचा असतो, त्यामुळे शंभर बसेसना डबे बसवायचे म्हटलं की मोठमोठे साहेब घसा खाकरायला लागतात. त्याचा लेप तांब्याचा आणि मँगनीजचा होता, कुणालाही परवडेल असा. पण कुठलाही लेप तापल्याशिवाय काम करत नाही, आणि स्वस्तातला तर प्लॅटिनमपेक्षा जास्त तापावा लागतो. घोडं अडायचं ते इथंच. गाडी गार असताना पहिली दहा मिनिटं धूर जसाच्या तसा बाहेर पडणार, हे या धंद्यातलं शेंबडं पोरही सांगेल. आणि त्याच्या वहीत मात्र आठ महिने उलटंच येत होतं. गार इंजिन, तरी धूर नावापुरता. सगळ्यांना आश्चर्य वाटलं होतं, त्यालाही वाटलं होतं. पण आपल्या बाजूच्या आश्चर्याला कोण जाब विचारतो?

“साहेब! आज लवकर? घरी सगळं ठीक ना?” वायसर चहाचे दोन कप घेऊन दारात उभा होता. चाचणीघराचा फोरमन. वायसर हे त्याचं नाव नव्हे, पण नाव आता फक्त पगाराच्या कागदावर उरलं होतं. दोन माणसांत कुठं फट दिसली की हा मध्ये जाऊन बसायचा आणि गळती थांबवायचा, म्हणून वायसर. मागे सगळे वायसर म्हणायचे, तोंडावर काका. एकोणीस दिवसांनी तो निवृत्त होणार होता.

“काका, इंजिन कोणी चालवलं?”

“मीच की. रोजच्यासारखं.”

“रोजच्यासारखं म्हणजे?”

“म्हणजे रोज. सातला सुरू करतो, अर्धा तास पळवतो, बंद करतो, मग चहा आणायला जातो. तुम्ही आलात की कसं एका दमात सुरू होतं!” वायसरनं कप पुढे केला. त्याच्या चेहऱ्यावर पकडल्या गेलेल्या माणसाची शरम होती, पण ती चोराची नव्हती. कुणाचं तरी गुपचूप बरं करणारा माणूस सापडला की कसा लाजतो, तशी होती. “ते पाहुणे आले होते ना, थंडीत? चारदा बटण दाबलं तरी ढिम्म. तुमचा चेहरा एवढासा झाला होता साहेब. म्हटलं, परत साहेबांवर ही वेळ येऊ द्यायची नाही.”

त्यानं चहा घेतला. काय बोलणार, कप्पाळ! आठ महिने हा बापडा तासभर आधी येऊन, पदरचा वेळ घालून, इंजिन तापवून ठेवत होता, आणि हा काचेआड बसून ‘थंड’ असं लिहीत होता. पण काटा? पाण्याच्या उष्णतेचा काटा तर रोज गारच दाखवायचा! तो धावत काचेच्या खोलीत गेला, कप तसाच हातात. काटा आत्ताही गारच दाखवत होता. त्या काट्याची तार काचेमागून निघून, भिंतीवरून वळून, छतावरच्या टाकीतून येणाऱ्या नळीवर जाऊन बसली होती. येणाऱ्या पाण्याच्या नळीवर. इंजिनातून बाहेर पडणाऱ्या पाण्याच्या नव्हे. टाकीतलं पाणी गारच असणार, इंजिन पेटलं तरी गारच असणार. आणि ती तार तिथं कोणी बसवली? आठ महिन्यांपूर्वी याच हातांनी, खोलीतून नीट दिसते म्हणून, सोयीचं पडतं म्हणून. त्यानं चहा न पिताच कप खाली ठेवला.

“काही चुकलं का साहेब?” वायसर काचेपलीकडून विचारत होता, आणि आवाज ऐकू येत नसल्यानं नुसते त्याचे ओठ हलत होते. त्यानं मान हलवली. कशी हलवली, हो म्हणून की नाही म्हणून, ते त्यालाच सांगता आलं नसतं.

दुपारपर्यंत त्यानं काय केलं याचा हिशोब लागत नाही. बेसिनवर जाऊन तीनदा हात धुतले. जिन्यावरून वर गेला, कशाला आलो ते आठवेना म्हणून खाली आला. टेबलावर अहवाल होता, एकशेबारा पानांचा, शेवटच्या पानावर त्याच्या सहीची जागा कोरी. उद्या सकाळी दहाला तो बस डेपोला जायचा होता. अहवालाला डेपोचं एक पत्र जोडलेलं होतं, आणि ते त्याला तोंडपाठ झालं होतं. डेपोची मोठी शेड तीन बाजूंनी बंद, रोज पहाटे साठ बसेस तिथं एकदम सुरू व्हायच्या. कामगार कित्येक वर्षं छतात मोठे पंखे मागत होते, धूर ओढून बाहेर टाकणारे. ते यंदा एकदाचे मंजूर झाले होते. पत्रात होतं की गार इंजिनावरही डब्यातून धूर येत नसल्याची संस्थेची खात्री असेल तर पंख्यांचं काम रद्द करावं आणि तो पैसा डब्यांकडे वळवावा. खात्री असेल तर. पहिल्यांदा वाचलं तेव्हा त्याला मूठभर मांस चढलं होतं. आपल्या डब्यानं पंखे हरवले! आता तेच वाक्य त्याला पुन्हा वाचवेना, कारण त्या शेडमध्ये एकतीस वर्षं पहाटे चारला हजर होणारा माणूस त्याच्या घरात खिडकीपाशी बसलेला होता आणि त्याच्या छातीतून शिट्टी वाजत होती.

बाबांचं काम बस सुरू करून ठेवण्याचं. ड्रायव्हर साडेपाचला यायचे, त्यांना गाड्या तापलेल्या मिळायला हव्यात, वाट बघायला लागू नये, म्हणून बाबा एकेका बसमध्ये चढायचे, किल्ली फिरवायचे, उतरायचे, पुढची बस. साठ बसेस. उतरेपर्यंत मागची धुरात दिसेनाशी व्हायची. म्हणजे वायसर जे त्याच्यासाठी करत होता तेच बाबांनी आयुष्यभर परक्या ड्रायव्हरांसाठी केलं होतं. बाबांची एक म्हण होती, घरातली शिलाई मशीन बिघडली तरी सांगायचे, आधी हात लाव, मग पाना लाव. लोखंड बोलतं, म्हणायचे. तो लहानपणी हसायचा. मग शिकला, आणखी शिकला, काचेच्या खोलीत बसला, आणि लोखंडाशी बोलायचं काम तारांवर सोपवून मोकळा झाला. शिकून शहाणा झाला, पण बापाच्या एका वाक्याएवढा नाही झाला. आणि राग त्याला आत्ता, या क्षणी, बाबांचाच येत होता. राग असाच आंधळा असतो, जवळचं कोणी दिसलं की त्याचाच हात धरतो.

आणि ते कागद! प्रत्येक चाचणीनंतर यंत्रातून एक पांढरा कागद निघायचा. धूर त्यातून ओढलेला असायचा आणि मधोमध बाटलीच्या झाकणाएवढा गोल डाग. डाग जितका गडद तितका धूर वाईट. शून्य म्हणजे कोरा, दहा म्हणजे काजळ. त्याच्या पहिल्या रकान्यातले डाग दीडच्या वर कधी गेले नाहीत, फिकट, राखाडी, पेन्सिल पुसल्यासारखे. जास्तीचे कागद तो घरी न्यायचा आणि बाबांच्या हातात द्यायचा. पंचेचाळिशीचा बाप्या, पण प्रगतिपुस्तक दाखवणाऱ्या पोराच्या उत्साहानं. बाबा कागद बघायचेच नाहीत. नाकाशी धरायचे. वास घ्यायचे, आणि विचारायचे, “सकाळचा?”

“हो बाबा, सकाळचाच. आठ वाजताचा.”

“छे,” बाबा म्हणायचे. “हा सकाळचा नव्हे.” आणि कागद वाचत असलेल्या पुस्तकात खूण म्हणून घालून ठेवायचे. एकदा नाही, दहादा. एकदा तो चिडून ओरडलाही होता, वार आणि वेळ लिहिलेली दाखवून. बाबांनी तोही कागद पुस्तकात घातला होता. “मनावर घेऊ नकोस,” रात्री बायको म्हणाली होती, “त्यांना आताशा सकाळ-संध्याकाळचं भान राहत नाही. आणि कौतुक त्यांनी कधी कुणाचं केलंय?” त्याला ते पटलं होतं. म्हातारा झालाय बाप, असं मनाशी म्हणून त्यानं त्या एका शब्दाकडे कानाडोळा केला होता.

आता जिन्याच्या मधल्या वळणावर तो थबकला, कारण एक फार जुनी संध्याकाळ अंगावर आली. तो दहा-बारा वर्षांचा. दिवे लागायची वेळ. बाबा दारात बूट काढतायत, डोळे लाल, आणि आईला सांगतायत, “दोन दिवस उभी असलेली बस आज संध्याकाळी सुरू केली. पुन्हा सकाळचा धूर खाल्ला.” तो खदाखदा हसला होता. संध्याकाळी सकाळचा धूर! आईसुद्धा हसली होती. बाबा हसले नव्हते. म्हणजे सकाळचा हा वेळेचा शब्दच नव्हता. डेपोतल्या माणसांचा तो धुराचा शब्द होता. गार इंजिनाचा, अर्धवट जळलेल्या तेलाचा, घशात गुळचट चिकटणारा, डोळ्यांत उतरणारा धूर, मग तो दुपारी दोनला निघो. ज्याला त्यानं वळणदार अक्षरात ‘थंड’ म्हटलं, त्याला बाबा सकाळचा म्हणत होते. आठ महिने बाप त्याला पुन्हा पुन्हा सांगत होता की पोरा, हे इंजिन गार नव्हतं, आणि पोरगा त्याला घड्याळ दाखवत होता. त्याला इतकी लाज वाटली की जिन्याच्या कठड्याला धरून तो उभा राहिला. वरून कोणी उतरत होतं, त्याला वाट द्यायचंही त्याला सुचलं नाही.

तीनला तो मॅडमच्या खोलीत गेला. मॅडम संस्थेच्या प्रमुख, बोलायला तिखट पण मनाच्या कोत्या नव्हेत. त्याचा डबा त्यांनीच इतरांच्या विरोधात उचलून धरला होता. त्यानं सगळं सांगितलं. त्या चष्मा काढून पुसत राहिल्या, पुसून झाल्यावरही पुसत राहिल्या.

“गरम इंजिनावर डबा उत्तम चालतो ना?”

“चालतो.”

“मग अहवालात खोटं काय आहे?”

“एकच शब्द.”

“एका शब्दासाठी आठ महिने पाण्यात घालू? झाकली मूठ राहू दे की. डबे एकदा बसले की पुढचं पुढे सुधारता येतं. सगळं असंच सुधारत आलंय.”

त्याला ते खरंच बरोबर वाटलं, हे कबूल केलं पाहिजे. एक क्षणभर नाही, चांगली दोन मिनिटं. सही करून टाकावी, घरी जावं, मुलीचा फोटो कसा निघाला ते विचारावं. मग पत्रातली ओळ आठवली. “पंखे रद्द होतील, मॅडम,” तो म्हणाला. “डबा पहाटे गारच असणार आणि वर छत बंद.”

मॅडमनी चष्मा लावला. “उद्या दहापर्यंत थांबते. गार इंजिनावर एकदा घे. आणि वाईट आलं तर कोणाच्या नावावर लिहायचं तेही ठरवून ये. त्या फोरमनचे किती दिवस राहिलेत?”

“एकोणीस.”

“मग विचार कर,” त्या म्हणाल्या.

दुसऱ्या दिवशी साडेसहाला तो चाचणीघराच्या दारात होता. वायसर त्याच्या आधीच येऊन कुलूप न उघडता पायरीवर बसला होता. काल संध्याकाळी त्याला सगळं सांगितलं तेव्हापासून त्याचा चेहरा उतरलेला होता, आणि नेहमी दुसऱ्यांच्या फटीत बसणारा हा माणूस आता स्वतःच उघडा पडल्यासारखा दिसत होता. दोघं आत गेले. आधी हात लावला. गार. बर्फासारखं गार लोखंड, आठ महिन्यांत पहिल्यांदा. वायसरनंही शेजारी हात टेकला. मग वायसरनं काचेआड जाऊन बटण दाबलं. एकदा, दोनदा, तिसऱ्यांदा इंजिन खोकलं आणि धरलं. आज तो स्वतः काचेच्या खोलीत गेला नाही, तिथंच उभा राहिला. बाहेर जाणाऱ्या नळीच्या सांध्यातून एक बारीक पांढरट रेघ सुटत होती, आणि ती नाकाशी आली तेव्हा त्याच्या घशात काहीतरी गुळचट येऊन चिकटलं. यंत्रानं कागद बाहेर ढकलला. डाग राखाडी नव्हता. काळा होता, कडेला पिवळट, तेलकट, बोट लावलं की बोटाला लागणारा. आकडा सात पूर्णांक आठ.

वायसरनं बाहेर येऊन कागद पाहिला. मग म्हणाला, “साहेब, मी सांगतो की मी रोज तापवत नव्हतो. फक्त कालच तापवलं. एकट्या कालचं काय, कोणी विचारणार नाही.”

“आणि हा कागद?”

“हा मी बघितलाच नाही.”

फट दिसली की मध्ये जाऊन बसायचं, ही त्याची जन्माची सवय. करायला गेला चांगलं, आणि अजूनही तेच करायला निघाला होता. त्याला वायसरची माया आली. “काका, तुम्ही बघितलाय,” तो म्हणाला. “आणि मी पण बघितलाय. काटा मी लावला होता, चुकीच्या नळीवर. हात मी लावला नाही. तेवढंच लिहायचंय.”

आणि तेवढंच लिहिलं. पहिल्या रकान्यातला ‘थंड’ हा शब्द खोडला, आठ महिन्यांच्या सगळ्या पानांवरचा, आणि त्या जागी ‘तापवलेलं’ असं लिहिलं. शेवटी एक नवीन ओळ घातली, वर ‘सकाळचा’ असं लिहून, तिला आकडा एकच. खाली लिहिलं की शेडमधले पंखे बसलेच पाहिजेत, डबा बसवला तरी. मॅडमनी वाचलं, नव्या ओळीच्या वरचा शब्द वाचून भुवया चढवल्या, म्हणाल्या, “हा काय शब्द आहे अहवालात लिहायचा?” तो म्हणाला, “बरोबर शब्द आहे.” त्यांनी तो खोडला नाही. पुढच्या वर्षीचा निधी मिळेल की नाही ते सांगता येत नाही, असं मात्र त्यांनी सांगितलं.

तो दुपारीच घरी गेला. खिडकीतून ऊन आत आलं होतं आणि बाबा पुस्तक मांडीवर ठेवून बसले होते. पुस्तकातून जुन्या कागदांची टोकं बाहेर डोकावत होती, सगळी फिकट. त्यानं खिशातून पाकीट काढलं, पाकिटातून कागद काढला आणि त्यांच्या हातात दिला. बाबांनी सवयीनं तो नाकाशी नेला. आणि तिथंच धरून ठेवला. डोळे मिटले. छातीतली शिट्टी एक क्षण थांबली, मग दुप्पट जोरानं सुरू झाली, आणि त्याला वाटलं आता खोकला येणार, कागद काढून घ्यावा. पण त्यांनी सोडला नाही.

“हा,” ते म्हणाले. “हा सकाळचा.”

“हो बाबा.”

“डबडं नापास झालं म्हणजे तुझं.”

“झालं. पुन्हा पहिल्यापासून. लेप बदलावा लागेल, लवकर तापेल असा काहीतरी.” मग तो थांबला. “मला कळलंच नाही हो तुम्ही काय म्हणत होतात ते. चुकलं माझं.”

बाबांनी हात हलवला, माशी उडवावी तसा. त्यांचं तिकडं लक्षच नव्हतं. ते कागदाच्या कोपऱ्यात लिहिलेलं वाचायचा प्रयत्न करत होते, लांब धरून, जवळ धरून. “इथं काय लिहिलंयस? चष्मा नाही माझ्याकडे.”

“आकडा आहे. किती धूर होता त्याचा. सात पूर्णांक आठ.”

“कितीपैकी?”

“दहापैकी. दहा म्हणजे नुसतं काजळ.”

बाबांनी कागद मांडीवर ठेवला आणि तळहातानं सरळ केला, पुन्हा पुन्हा, त्याला एकही सुरकुती नसताना. सकाळचा धूर वेगळा असतो हे एकतीस वर्षं त्यांनी डेपोतल्या साहेबांना सांगितलं होतं, डॉक्टरांना सांगितलं होतं, घरात सांगितलं होतं, आणि सगळे म्हणाले होते, धूर तो धूर. काळा डाग त्यांच्या बोटाला लागला होता. त्यांनी ते बोट उन्हात धरलं.

“एवढा होता होय,” ते म्हणाले.